बोटभर कमी पडलेला पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पिंजरा आहे. माझ्यात पोपट नाही, ससा नाही, आणि मला दारही नाही. विमानतळावरच्या चार नंबरच्या गेटपाशी, विमानात चढायची रांग जिथे सुरू होते, तिथे मी उभा असतो. प्रवासी हातात बॅग घेऊन येतात. बॅग मोठी वाटली की ती माझ्यात उतरवून पाहतात. बसली, तर ती मालकाबरोबर विमानात जाते. नाही बसली, तर तिच्या मुठीला चिठ्ठी बांधतात आणि तिला खाली, विमानाच्या पोटात, बाकीच्या सामानात पाठवतात. काम एवढंच. पण या एवढ्याशा कामापायी मी किती जणांचे जीव वरखाली केले, ते एका परमेश्वराला ठाऊक, आणि थोडंसं मला.

माझा जन्म गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथला वेल्डर मोठा भाविक माणूस. त्याच्या फळीवर एक धुरकट रेडिओ असे, आणि त्यावर गाऊन सांगितलेली प्रवचनं लागत. आधी एखादा विचार समजावून सांगायचा, मग त्यावर गोष्ट, गोष्टीत गाणं, गाण्यात पुन्हा गोष्ट. वेल्डर ऐकता ऐकता मान डोलवायचा, आणि त्याच्या हातातल्या ठिणग्याही मला ताल धरल्यासारख्या वाटायच्या. करंगळीएवढ्या जाड नळ्या कापून त्याने मला उभं केलं. मोठ्या बॅगेसाठी वरचा कप्पा, लहान वस्तूसाठी खालचा. ज्या दुपारी तो माझी रुंदी मोजत होता, त्या दुपारी रेडिओवरचं आख्यान अगदी रंगात आलं होतं. वेल्डरचे डोळे भरून आले होते. त्या वेळी नेमकं काय घडलं, ते मला फार उशिरा कळलं. तुम्हालाही क्रमाने सांगतो.

निळा रंग लावून मला विमानतळावर आणलं आणि माझ्या कपाळावर नियमाची पाटी चिकटवली. प्रत्येकी एक बॅग. लांबी पंचावन्न, रुंदी पस्तीस, जाडी पंचवीस सेंटिमीटर. सोबत एक लहान वस्तू, समोरच्या सीटखाली मावेल अशी. मित्रांनो, हा नियम वाईट नाही बरं का. विमानात डोक्यावरची जागा मोजकी. एकाने घरदार उचलून आणलं, तर दुसऱ्याने आपली पिशवी मांडीवर घेऊन बसायचं का? सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून कुणीतरी मोजायला हवंच. ते पुण्याचं काम माझ्याकडे आलं, असं मी समजत होतो.

गेटवर एक मॅडम होत्या. केस घट्ट बांधलेले, बोलणं त्याहून घट्ट. त्यांना हमाल मंडळी पाठीमागे ‘मापात मॅडम’ म्हणत. त्या कुणाला उगाच सोडत नसत आणि कुणाला उगाच अडवतही नसत. एकदा त्यांच्या सख्ख्या मावसभावाची बॅग माझ्यात अडकली, तर त्यांनी तीही खाली पाठवली. भाऊ म्हणाला, घरी ये, मग बघतो. मॅडम म्हणाल्या, येईन की, पण मापातली बॅग घेऊनच येईन. कुणी वाद घातला की त्या माझ्या दांडीवर हात ठेवून शांतपणे सांगत, “मी नाही म्हणत हो. पिंजरा म्हणतोय. आणि पिंजरा खोटं बोलत नाही.”

हे वाक्य ऐकलं की माझी प्रत्येक नळी ताठ व्हायची.

किती नमुने पाहिले! एक गृहस्थ बॅग हलकी करायला तीन कोट अंगावर चढवून आले आणि घामाघूम होऊन म्हणाले की मला थंडी फार वाजते. एका बाईंची पर्स, छत्री, पुस्तकांची पिशवी आणि डबा यांतली ‘एक लहान वस्तू’ कोणती, यावर नवराबायकोचं विमान सुटेपर्यंत एकमत झालं नाही. मला गंमत वाटायची. पण एक आठवण गमतीची नाही. एक शिक्षक एकदा कडक कवचाची नवी बॅग घेऊन आले. तिच्यावर कारखान्याचं लेबल होतं, रुंदी पस्तीस. ती माझ्यात उतरेना. ते पुन्हा पुन्हा लेबलावर बोट ठेवत राहिले. मॅडम म्हणाल्या, लेबलं काय, काहीही लिहितात. रांगेतले लोक हसले. मीही खडखडलो. शिक्षक मान खाली घालून बॅग देऊन गेले. त्यांचा चेहरा आजही माझ्या समोरून हलत नाही.

वर्षं गेली. माझा निळा रंग पोपडे धरून उडाला. कुणी माझ्या कप्प्यात ओल्या छत्र्या ठेवी, कुणी चहाचे रिकामे कप. एका मुलाने तोंडातला च्युइंगगम माझ्या कोपऱ्याला चिकटवला, तो पाच वर्षं तिथेच होता. मॅडमच्या डोक्यावर पांढरं आलं. मी रोज शेकडो बॅगा मोजत होतो. मला मोजायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही, आणि खरं सांगतो, माझ्याही नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो.

एके सकाळी रांगेत एक मावशी उभ्या होत्या. साधी सुती साडी, गळ्यात मोजपट्टी. ती काढायची त्या विसरल्या असाव्यात, चष्मा डोक्यावर विसरतो तशी. शिवणकाम करून घर चालवलेल्या बाई. एका हातात लहान पर्स, दुसऱ्या हातात जाड कापडाची, स्वतः शिवलेली चौकोनी बॅग. बॅगेच्या कडा अशा, जणू सुताराने रंधा मारला आहे. मॅडमनी नुसतं बोट दाखवलं. मावशींनी बॅग माझ्यात ठेवली. ती जेमतेम कडेवर टेकली आणि तिथेच थांबली.

मॅडम चिठ्ठी लिहायला लागल्या. मावशी म्हणाल्या की ही बॅग खाली जाणार नाही, हिच्यात पेटी आहे.

मग थोडक्यात सगळं कळलं. पेटी म्हणजे सुरांची, भात्याची, आणि ती मावशींच्या थोरल्या भावाची. दादा आयुष्यभर गावोगाव प्रवचनं गाऊन सांगायचा. दोन महिन्यांपूर्वी, पेटी घरी ठेवून दूर लेकीच्या शहरात गेला असताना, त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. जीव वाचला, पण बोलणं गेलं. लेकीचं नाव येईना, पाणी हा शब्द येईना. मात्र फोनवर मावशींनी जुनी एक चाल गुणगुणली, तेव्हा पलीकडून त्याचा सूर आला. शब्द नव्हते, नुसता सूर. तिथल्या हॉस्पिटलातली नर्स म्हणाली की बोलणं अडतं तिथून कधी कधी गाणं निघतं, त्यांची स्वतःची पेटी आणून पाहा. दुसरी चालणार नव्हती, कारण दादाच्या पेटीचा एक सूर जरा घोगरा होता आणि दादा त्याच सुराला धरून गायला लागायचा.

“खाली आपटत नाहीत, मावशी,” मॅडम म्हणाल्या. “आम्ही नाजूक सामानाची चिठ्ठी लावतो.”

मावशींनी काचेतून बाहेर पाहिलं. मॅडमनीही पाहिलं. खाली गाडीवर सामान चढत होतं आणि नेमक्या त्याच क्षणी एक बॅग हवेत होती.

रांगेत मागचे एक आजोबा म्हणाले, द्या हो सोडून, एवढं काय. मॅडम कसनुशा झाल्या. त्यांनाही आतून वाटत असावं. पण एकाला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागतं, हे त्यांनी आजोबांना सांगितलं, आणि मावशींना नेहमीचं वाक्य सांगितलं. पिंजरा खोटं बोलत नाही.

मावशी रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्यांनी माझ्या कपाळावरची पाटी वाचली, ओठ हलवत, हळूहळू.

“सोडा म्हणत नाही मी,” त्या म्हणाल्या. “तिकिटावर पस्तीस लिहिलं होतं. मी सुतभर कमीच बेतलंय. चाळीस वर्षांत माझी बाही कुणाला तोकडी झाली नाही, बाई. तुमचा पिंजरा मापून बघू?”

मॅडमचा हात माझ्या दांडीवर होता. तो त्यांनी काढून घेतला.

मावशींनी गळ्यातली पट्टी ओढली. आधी बॅगेला लावली, मॅडमना दाखवली. साडेचौतीस. मग एक टोक माझ्या आतल्या बाजूला एका नळीला टेकवलं आणि पट्टी दुसऱ्या नळीपर्यंत ताणली. त्यांच्या बोटांचा स्पर्श मला अजून आठवतो. इतक्या वर्षांत मला हलवणारे, ढकलणारे, लाथ मारणारे खूप भेटले होते. मापायला हात लावणारी ही पहिली बाई.

तेहेतीस.

मॅडमनी चष्मा लावून पाहिलं. मग स्वतःच्या हाताने पट्टी धरली आणि पुन्हा मोजलं. जाडीही मोजली, पंचविसाऐवजी तेवीस. बोटभर इकडे, बोटभर तिकडे. माझ्या कपाळावर एक लिहिलं होतं आणि माझ्या पोटात दुसरंच होतं.

मित्रांनो, त्या क्षणी मला ते शिक्षक दिसले. लेबलावर बोट ठेवून उभे असलेले. आणि त्यांच्यामागे आणखी किती! ज्यांची बॅग बरोबर होती आणि मी चूक ठरवली. मी कधीच खोटं बोललो नव्हतो, पण खरंही बोललो नव्हतो. मला ते माहीतच नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल, आणि ते फार नाही.

मॅडमनी पट्टी मावशींना परत दिली. त्यांना आपला हुद्दा राखायचा असता, तर एक वाक्य पुरेसं होतं. त्यांनी लिहायला घेतलेली चिठ्ठी फाडली, बॅग स्वतः उचलून मावशींच्या हातात दिली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “चूक आमची आहे, मावशी. या तुम्ही.”

मावशी चार पावलं गेल्या, परत आल्या आणि पट्टी मॅडमच्या हातात ठेवली. घरी दुसरी आहे, म्हणाल्या, ही राहू द्या तुमच्याकडे.

त्या दिवशी मला गेटवरून काढून मागच्या खोलीत नेलं. मला वाटलं, संपलं. आता भंगार. पण तिसऱ्या दिवशी ओळखीचं गुणगुणणं कानावर आलं. माझाच वेल्डर होता, आता पाठीत वाकलेला. मॅडमनी त्याला शोधून आणलं होतं. त्याने माझ्या जुन्या आराखड्याचा कागद उलगडला, पट्टी लावली आणि मटकन स्टुलावर बसला. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, आतलं माप. त्याने मोजलं होतं नळीच्या बाहेरून. आख्यान चालू होतं, तो म्हणाला, सावत्र आई पोराला जेवायला वाढते तो प्रसंग होता, माझं लक्ष सगळं त्या पोराच्या ताटात. मॅडमना हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं. वेल्डरने माझ्यापुढे दोन्ही कान धरले, रेडिओ मागितला नाही, आणि नळ्या कापून मधे बोटभराचे तुकडे जोडले. आतून मोजलं. चार वेळा मोजलं. त्या जोडांचे वण माझ्या अंगावर आहेत. निळा रंग नवा लावला, तरी ते हाताला लागतात. मला ते लपवावेसे वाटत नाहीत.

पंधरा दिवसांनी मावशी परत आल्या, विमानात चढायच्या रांगेत नव्हे, उतरून बाहेर पडता पडता, मुद्दाम आमच्याकडे वळून. हातात तीच बॅग. मॅडमनी विचारलं नाही, कसं विचारणार? मावशींनीच सांगितलं. पहिले चार दिवस काही झालं नाही. पेटी वाजायची, दादा भिंतीकडे बघायचा. पाचव्या दिवशी मावशींचा हात त्या घोगऱ्या सुरावर गेला आणि दादाने एक ओळ उचलली, शब्दांसकट. अख्खा वॉर्ड थांबला. ओळ संपली, दादाने वळून बहिणीकडे पाहिलं आणि तिला लहानपणी चिडवायचा त्या नावाने हाक मारली.

“चिंधे, म्हणाला मला,” मावशी म्हणाल्या. “साठ वर्षांची झाले मी. चिंधे म्हणाला.”

मॅडमनी घट्ट बांधलेल्या केसांवरून उगाच हात फिरवला.

पेटी मावशी तिथेच ठेवून आल्या होत्या. मग बॅगेत काय? दादाचे सदरे. आजारात तो फार बारीक झाला होता, ते सगळे शिवणीत आत घ्यायचे होते. सदरे असे रचले होते की बॅग पेटी असताना होती तेवढीच भरली होती. मावशींनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे हात केला. बॅग माझ्यात उतरली. नळीला घासली नाही, ढकलावी लागली नाही, दोन्ही बाजूंना सुतभर हवा ठेवून तळाशी जाऊन बसली. सुतभर म्हणजे सुतभर.

ती मोजपट्टी आता माझ्याच दांडीवर टांगलेली असते. रोज सकाळी, पहिली बॅग येण्याआधी, मॅडम ती काढतात आणि आधी मला मोजतात. मित्रांनो, तुम्हीही पुढे कशाची ना कशाची मापं घ्याल. धाकट्या भावाच्या चुकांची, मित्राच्या स्वभावाची, कुणाच्या अभ्यासाची. जरूर घ्या. पण तुमच्या आतली पट्टी कुणाला तरी अधूनमधून मोजू द्या, आणि ती बोटभर कमी निघाली तर लाजू नका, जोड लावून घ्या. आणि कधी चार नंबरच्या गेटवर आलात, तर माझ्यात रिकामा कप मात्र ठेवू नका. पस्तीस बाय पंचवीसची ती जागा आता फार जपून ठेवलेली आहे.