रेडिओकाकांची टिंग

रेडिओकाकांच्या कानाला चाळीस वर्षांत कुणी आव्हान दिलं नव्हतं. गिऱ्हाइकाने रेडिओ चालू करून नुसता दारात धरला, तरी ते आतून ओरडायचे, "कंडेन्सर गेलाय, परवा या!" दुकान बंद केलं तरी जुन्या रेडिओंचे हौशी लोक काही त्यांना सोडेनात, म्हणून लेकीने घरी कॉम्प्युटर बसवून दिला. कामं मेलवर यायला लागली. मेल आला की कॉम्प्युटर 'टिंग' करणार, अशी व्यवस्था होती.

ही टिंग काही काकांना ऐकू येईना.

एका गिऱ्हाइकाने तीन मेल पाठवून चौथ्यात "आपण हयात आहात ना?" असं विचारलं, तेव्हा काकांनी गुन्हेगार पकडला. स्पीकर! रेडिओवाला स्वतःच्या कानावर संशय घेत नसतो, तो आधी स्पीकर बदलतो. काकांनी स्पीकर बदलला. मग दुसरा बदलला. तिसरा तर थेट दुकानातल्या सामानातून काढला, चांगला बादलीएवढा. त्यावर बातम्या दणदणीत लागल्या, टिंग मात्र बेपत्ताच. शेवटी त्यांनी मीटर जोडून खालून वर एकेक सूर वाजवून पाहिला. खालचे सूर खणखणीत होते. एका पट्टीच्या वर मात्र नुसता मीटरचा काटा हलत होता, कानाला काहीच लागत नव्हतं.

काका घाबरले. चांगलेच घाबरले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे कान गेले हे बाहेर फुटलं, तर उद्यापासून कोण काम देणार? आणि काकूंना कळणं तर त्याहून वाईट. दोन वर्षांपूर्वी काकूंनी "एकदा कान दाखवून या" म्हटलं होतं, तेव्हा काकांनी "माझे कान? माझे?" असं म्हणत घर डोक्यावर घेतलं होतं. आता कोणत्या तोंडाने कबूल करायचं?

तेवढ्यात त्यांना सेटिंगमध्ये आवाज बदलायची सोय सापडली आणि जिवात जीव आला. मेलसाठी त्यांनी बिघडलेल्या रेडिओची जाडजूड घूं रेकॉर्ड केली. काही चुकलं की वाजायला लाकडी हातोडीचे टेबलावर दोन ठोके. कॉम्प्युटर चालू होताना स्वतःचा खोकला, कारण दुसरं काही सुचेना.

"हा काय नवा उद्योग?" काकूंनी विचारलं.

"हौस!" काका म्हणाले.

ही हौस काकूंना भलतीच महाग पडली. काकांच्या हातून चुका काही कमी होत नव्हत्या आणि दर चुकीला काकू दार उघडायला धावत होत्या. सकाळी खोकला ऐकून त्या पाणी घेऊन यायच्या, तर काका ठणठणीत बसलेले. तरी बाईंनी सगळं सोसलं.

पण एका सकाळी काका अंघोळीला गेले आणि बाहेर मेल आला. घूं! रेडिओवाल्याशी इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. घरात काही घुमायला लागलं की आधी मेन स्विच बंद करायचा आणि मग चौकशी करायची. काकूंनी मेन स्विच ओढला.

काका तोंडाला साबण लावून अंधारातून बाहेर आले. "लाईट का घालवलीस?"

"काहीतरी जळतंय! घुमत होतं!"

"अगं, तो मेल होता!"

"मेल? असा रेड्यासारखा?"

काकूंनी स्विच पुन्हा लावला, खुर्चीत ठाण मांडलं आणि सगळे आवाज एकामागून एक वाजवले. मग एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"सगळे खालच्या पट्टीतले. एकही वरचा नाही."

"मला तसे आवडतात."

"बरं. मी पहिली टिंग परत लावून बघते हं." काकू पडद्याकडे टक लावून बसल्या. "वाजली?"

"वाजली की. छान वाजली."

काकूंनी माउसला अजून हातही लावला नव्हता.

काका शेजारच्या खुर्चीत बसले. साबण गालावर वाळायला लागला होता. "नाही ऐकू येत गं," ते म्हणाले. "कुणाला सांगू नकोस."

काकू हसल्याही नाहीत आणि 'मी सांगत नव्हते?' असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी माइक पुढे ओढला. "हे ठोके आणि खोकले पुरेत. माझाच आवाज भरू." त्या माइकमध्ये काहीतरी बोलल्या आणि वाजवून दाखवलं. बादलीएवढ्या स्पीकरमधून काकांना नुसती पुसट कुजबुज ऐकू आली.

"थांबा." काकूंनी घसा खाकरला, हनुवटी खाली घेतली आणि जाड आवाजात म्हणाल्या, "अहो, मेल आलाय." हे मात्र लख्ख ऐकू आलं. घरात रोज ऐकू येणारा बायकोचा आवाज.

"मग आधी कोण बोललं?" काकांनी विचारलं.

"मीच. तो माझा खरा आवाज."

"आणि हा?"

"हा तुमच्यासाठी काढते. तुम्ही कानांवरून भांडलात ना, तेव्हापासून. इतर सगळ्यांशी तोच, पहिला."

काकांना आजवर वाटत होतं, वयाने बायकोचा आवाज बसला. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि कान स्पीकरच्या जाळीला टेकवला.

"तो पहिला लाव."

काकूंनी लावला. काकांनी पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा ऐकून ते उठले आणि तोंड धुवायला निघाले.

"कानाच्या डॉक्टरची वेळ घे," ते म्हणाले. "मला तो ऐकायचाय."