वजन पेलण्याचं गणित

नियंत्रण कक्षात मला तोंड उघडायची सोय नव्हती. तशी पाटी कुणी लावलेली नव्हती, पण प्रोबेशनवरच्या माणसानं कान उघडे आणि तोंड बंद ठेवायचं असतं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आमच्या यानाला एक यांत्रिक हात होता. त्याच्याबद्दल जे काही विचारलं जाई, त्याचं उत्तर शेजारच्या खुर्चीतला शांतोबा देई. हे नाव त्याला सगळ्यांनी मिळून ठेवलेलं. आग लागली तरी हा आधी चहा संपवेल. मी त्याची मदतनीस. मला पक्कं करायचं की नारळ द्यायचा, हे मोहिमेच्या प्रमुख, आमच्या मोठ्या बाई, याच आठवड्यात ठरवणार होत्या.

रोबोटिक्समध्ये मास्टर्स केल्यावर माझे वर्गमित्र गोदामांत आणि मोटारींच्या कारखान्यांत चिकटले. मीच तेवढी अवकाश, अवकाश करत बसले. इतके नकार पचवले की होकार आला तेव्हा तो माझ्याच नावानं आहे ना, हे आधी बघून घेतलं. माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते म्हणाले होते, तुमचं यंत्र अडकलं तर तिथं जाणार कोण? मी हसण्यावारी नेलं होतं. आता तोच प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

कारण त्या सकाळी तो हात अवकाशात पहिल्यांदा उघडणार होता. पुढे कधीतरी बंद पडलेले उपग्रह पकडायचे, आज फक्त घडी मोडायची. यान डोक्यावरून जातं तेवढी काही मिनिटंच त्याच्याशी बोलता येतं. त्याआधी मोठ्या बाई एकेका टेबलाला विचारतात, आणि सगळ्यांनी ‘तयार’ म्हटलं की आज्ञा सुटते. एकदा सुटली की परत घेता येत नाही.

बाईंनी पहिल्या टेबलाला विचारलं आणि मला पाहुणे आठवले.

यान पाठवण्याआधी कंपनीत पैसे घालणारे काही पाहुणे आले होते. अवकाशासाठी केलेला हात इतका नाजूक असतो की जमिनीवर त्याला स्वतःचंही वजन पेलवत नाही. आम्ही तो दोऱ्यांनी टांगून हलवायचो. पाहुण्यांपुढे दोऱ्या बऱ्या दिसणार नाहीत, म्हणून पुढचा एक सांधा तरी दोऱ्यांशिवाय हलवून दाखव, असं मला सांगितलं गेलं. मी सॉफ्टवेअरमध्ये वजन पेलण्याचं गणित चालू केलं. माझा प्रबंधच त्यावर होता: यंत्राला सांगायचं की तुला वजन आहे, सतत थोडा वर जोर लाव. पाहुणे खूश झाले, टाळ्या वाजवून गेले. मग हाताची घडी घालून तो यानावर बांधला गेला. त्यानंतर कुणी तो हलवून पाहिला नव्हता.

गणित चालू केल्याचं मला लख्ख आठवत होतं. बंद केल्याचं आठवेना.

वर तर वजनच नाही. भरलेली समजून रिकामी बादली उचलली की हात कसा उडतो, तसा तो उडणार, आणि थेट सौर पॅनेलवर आदळणार. पॅनेल गेलं की वीज गेली, वीज गेली की यान गेलं. घरातला गॅस असता तर अर्ध्या वाटेतून परत जाऊन बटण बघितलं असतं.

मी शांतोबाच्या कानाशी लागले. तो म्हणाला, सगळं तपासून झालंय, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस. बहुतेक त्याचंच बरोबर होतं. पण नसलं तर? बोलले आणि भीती खोटी निघाली तर माझी नोकरी जाणार. गप्प बसले आणि खरी निघाली तर या खोलीतल्या प्रत्येकाची कित्येक वर्षं जाणार.

“हात?” बाईंनी विचारलं.

“तयार,” शांतोबा म्हणाला.

“थांबा,” मी म्हणाले. आवाज असा चिरकला की मलाच ओळखू आला नाही.

सगळ्या माना वळल्या. बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे कारण विचारलं. मी शेंडा आधी, बुडखा नंतर असं काहीतरी सांगितलं.

“खात्री आहे?”

“नाही. भीती आहे.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. हात राहू दे, म्हणाल्या, आधी यानाकडून ते गणित चालू आहे का एवढंच मागवा. मागवलं. यान क्षितिजाखाली जाता जाता उत्तर आलं. गणित बंद होतं. मीच कधीतरी बंद केलं होतं आणि साफ विसरले होते.

सगळे आपापल्या पडद्यांकडे वळले. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. मी उठून स्वच्छतागृहात गेले. तोंड धुताना आईला काय सांगायचं ते मनात जुळवत होते, तेवढ्यात बाईंचं बोलावणं आलं.

त्यांनी बसायलाही सांगितलं नाही. म्हणाल्या, तुला पक्कं केलंय. उद्या पुन्हा प्रयत्न करायचा. शांतोबा दुसऱ्या टेबलावर जाईल, हाताची खुर्ची तुझी.

“पण आज मी चुकले,” मी म्हणाले.

“चुकलीस. एक दिवस गेला, यान शाबूत आहे. उद्या मी तुला विचारीन. तू ‘तयार’ म्हणालीस की मी पुढे काही विचारणार नाही. कुणीच विचारणार नाही. एवढी घाबरट मुलगी तयार म्हणतेय म्हटल्यावर कोण कशाला विचारेल?”

मी आईला फोन करून पक्की झाल्याचं सांगितलं. चला, एकदाची काळजी मिटली, असं म्हणून ती बाबांना हाका मारायला लागली.

फोन ठेवून मी कक्षात गेले. सगळे जेवायला गेले होते. शांतोबाच्या खुर्चीत बसले आणि ‘तयार’ असं मोठ्यानं म्हणून पाहायला गेले. आवाजच फुटला नाही.