स्वेटरांखालचे सरप्राइज

मी एक जुने आश्चर्य आहे. पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे, एवढ्याचसाठी माझा जन्म झाला. तूर्त मी कपाटात, स्वेटरांखाली, डांबरगोळ्यांच्या सोबतीने पडून आहे.

मित्रांनो, खरे तर मी भिंतीवरचे घड्याळ. या घरचे मालक घड्याळजी. जगाची घड्याळे दुरुस्त करतात, घरात मात्र एकही नाही. म्हणून बाईंनी त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला मला आणले, लाल कागदात गुंडाळले आणि लपवले. दुकानदाराने घातलेला सेल आत तसाच राहिला.

वाढदिवस उजाडला, आणि बाईंना मला कुठे ठेवले तेच आठवेना. मी टिकटिक करून घसा कोरडा केला. पण बाईंना ऐकायला जरा कमी येते.

थोरल्या नणंदेने विचारले, “हे सरप्राइज म्हणजे असतं तरी काय गं?”

“ज्याला द्यायचं त्याला कळू द्यायचं नाही, वन्सं.”

“मग तू कमालच केलीस. स्वतःलाही कळू दिलं नाहीस.”

घड्याळजींच्या कानाला मी पहिल्याच दिवशी सापडले होते. पण सांगितले तर सरप्राइज राहते कुठे? बाई बाजारात गेल्या की ते मला काढतात, कागद अलगद सोडवतात, मागे पडलेला काटा पुढे करतात, लागला तर सेल बदलतात. “थांब थोडं, आठवेल तिला,” म्हणतात आणि पुन्हा कोंडतात. तेवढ्यात मी भिंत पाहून घेते. माझ्यासाठी खिळाही ठोकलेला आहे. त्यावर ते टोपी टांगतात.

परवा बाईंचा हात स्वेटरांखाली आला. वाटले, सुटले. त्यांनी मला छातीशी धरले. मग नव्याकोऱ्या चिकटपट्टीकडे कितीतरी वेळ पाहिले.

“वन्सं, तीन वर्षं झाली, तरी चालतंय हे,” त्या शेजारी उभ्या नणंदेला हळूच म्हणाल्या. “हे गुपचूप सेल बदलतात वाटतं. राहू दे. त्यांची गंमत कशाला घालवू?”

आणि मी परत स्वेटरांखाली.

आश्चर्य म्हणजे अनपेक्षित गोष्ट, असे पुस्तकात असते. या घरात ती सर्वांना ठाऊक असते, फक्त बोलायची नसते. दोघांपैकी एक जरी थोडे वाईट असते, तर मी आज भिंतीवर असते.

म्हणून मित्रांनो, भेट हातात द्या. तेही जमत नसेल, तर निदान डांबरगोळ्या दुसऱ्या कप्प्यात ठेवा. डोके फार चढते.