दोन भाकरींचं पीठ

केशरबाईनं ज्वारीचा डबा आधी रिक्षात चढवला, मग नातीला चढवलं आणि मग स्वतः चढली. डबा पायांत घट्ट धरून ती म्हणाली,

"चला. हितं गिरणी न्हाई. हितलं आपल्याला काय कळायचं न्हाई."

"आई, आपण फ्लॅट बघायला आलतो. गिरणी न्हाई," गोरक्ष म्हणाला. तो रिक्षावाल्याशेजारी एका कुल्ल्यावर बसला होता आणि मागं बघत नव्हता.

त्याची बायको पंकजा मागं सासूशेजारी बसली होती. सावेडीतला तो फ्लॅट झकास होता. सकाळपासून ती त्यात खोट शोधत होती आणि खोट सापडत नव्हती. पांढऱ्या फरश्या. नळ सोडला की पाणी. खिडकीतून शाळेचं मैदान दिसत होतं. गोरक्षला एमआयडीसीत फिटरची कायमची नोकरी लागली होती आणि कंपनी तिथून जवळ होती. लेक राजनंदिनी जूनमध्ये दुसरीत जाणार होती. नेवाशाहून रोज येणं-जाणं कुणाला जमणार? आपल्या लोकांच्या वस्तीतही त्यांनी चौकशी केली होती, पण तिथली एकुलती एक खोली दिवाळीपर्यंत रिकामी होणार नव्हती.

फ्लॅटच्या मालकानं चहा पाजला होता. चहा पिता पिता आडनाव विचारलं होतं. गोरक्षनं सांगितलं, गायकवाड. मालकाचा चेहरा असा उजळला की जणू हरवलेला भाऊ भेटला.

"गायकवाड? मग आपलेच की! पाहुणे कुठले तुमचे?"

"राहुरीकडचे. शिंदे," पंकजा बोलून गेली होती.

"वा, वा. तसं आम्ही जातपात काही मानत नाही हो. पण माणसं आपल्यातली असली की बरं असतं."

न मानणाऱ्या माणसानं एका कपात दोनदा चौकशी केली होती. गायकवाड मराठ्यांत असतात, तसे बौद्धांतही असतात. शिंद्यांचंही तेच. आडनावानं या दोघांचे खोटं बोलायचे कष्ट वाचवले. मालकानं काय समजायचं ते समजून घेतलं आणि यांनी त्याला ते समजू दिलं. संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणून ही मंडळी बाहेर पडली.

जिना उतरताना गोरक्ष मुलीपाशी वाकला होता.

"राजू, हितं राहायला आलो ना, की खेळताना कुणाला जयभीम नको म्हणत जाऊ. थोडे दिवस."

"किती दिवस?" राजनंदिनीनं विचारलं होतं.

गोरक्षनं हात वर करून रिक्षा थांबवली होती.

आता रिक्षा भिंगारच्या रस्त्याला लागल्यावर तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आपण काय खोटं बोललो का? त्यांनी आडनाव इचारलं, आपण आडनाव सांगितलं."

"मग पोरीला कशाला गप्प केलंत?" पंकजा म्हणाली.

"तिच्यासाठीच तर चाललंय सगळं."

"तिच्यासाठी तिचंच तोंड शिवायचं. चांगलंय."

रिक्षावाला आरशातून बघायला लागला, तशी पंकजानं मान बाहेर फिरवली.

भिंगारला दोन खोल्या आहेत हे गावातल्या एकानं सांगितलं होतं. जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानावर. मालक पुण्याला आणि किल्ली खाली शेजारच्या गिरणीवाल्याकडं. गोरक्षला तिकडं फिरकायचंही नव्हतं. पण गिरणी म्हटल्यावर केशरबाई हटून बसली होती. म्हणून तर सकाळी एसटीत डबा घेऊन चढली होती.

तिचं म्हणणं सरळ होतं. घर मालक दाखवतो, पण गल्ली बघायची तर गिरणीवर बसावं लागतं. दळण टाकायचं, बाकावर बसायचं आणि कान उघडे ठेवायचे. थोरल्या लेकीच्या वेळी ती अशीच पाहुण्यांच्या गावात न सांगता गेली होती, तिथल्या गिरणीवर दुपारभर बसली होती आणि परत येऊन तिनं ते स्थळ मोडलं होतं. केशरबाई स्वतः नवी नवरी होती तेव्हा गावच्या गिरणीत त्यांच्या लोकांचं दळण सगळ्यांच्या शेवटी, दिवेलागणीला व्हायचं. सकाळी मालकीण आपल्या हातानं मूठभर धान्य टाकायची, गिरणी 'साफ' करून घ्यायची आणि मगच पहिलं गिऱ्हाईक घ्यायची. ती गिरणी बंद पडली. ती बाई मेली. केशरबाईला ती मूठ अजून दिसते.

गिरणीवाला कानिफनाथ भुवयांपासून चपलेपर्यंत पिठानं पांढरा होता. त्यानं खिळ्यावरची किल्ली काढून दिली आणि डब्याकडं बघून म्हणाला, "ठेवा लायनीत, मावशी."

"कुणाच्या मागं?"

"आधी कोण आलंय त्याच्या मागं. आनखी कुणाच्या?"

केशरबाईनं डबा ठेवला आणि बाकावर मांडी घातली.

वरच्या खोलीचं कुलूप गंजलेलं होतं. ते उघडण्यात गोरक्षचा बराच वेळ गेला. आत दोन खोल्या, एकीला कौलं, दुसरीला पत्रा. नळ खाली. भिंतीला पोपडे. खिडकी उघडली की समोरच्यांच्या वाळत घातलेल्या साड्या. कंपनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. गोरक्षनं सगळीकडं एकदा नजर फिरवली.

"बघितलंस? ह्याची आन त्याची बरोबरी तरी हाय का?"

नव्हती. पंकजाला रागच येत होता की नव्हती. तिनं खिडकी लावून घेतली.

कुलूप लावून किल्ली परत द्यायला खाली आले तर गिरणीसमोर केशरबाई उभी राहून भांडत होती. नातीला घेऊन ती पलीकडच्या टपरीवर पाणी प्यायला काय गेली, तेवढ्यात तिचा दळून ठेवलेला डबा गायब. त्याच्या जागी तसाच स्टीलचा, त्याच मापाचा, पण झाकणावर 'मालन' कोरलेला डबा.

"मालनमावशीनं नेला असंल," कानिफनाथ म्हणत होता. "तिला चष्मा लागलाय, पन घालत न्हाई. पीठ बघितलं की येती परत. बसा."

"तिचं घर कुठंय? मी जाती."

"आई, राहू दे," गोरक्ष घाईनं म्हणाला. "पीठच हाय. डबा नवा घेऊ. चल."

"माझ्या भावानं दिलेला डबा सोडू? आन जवारी काय रस्त्यावर सापडली? काढणीची मजुरी हाय ती माझी. पाठ मोडली माझी त्या शेतात."

"मी काय म्हणतोय ते कळतंय का तुला?"

केशरबाईला कळत होतं. पंकजालाही कळलं. तो डबा त्यांच्या लग्नातला होता. त्यावर कोरलेलं होतं, 'आयु. गोरक्ष व आयु. पंकजा यांना मामाकडून सप्रेम जयभीम.' अक्षरं मोठी होती. मामानं कोरणाऱ्याला बजावून मोठी काढायला लावली होती. तो डबा आता कुणाच्या तरी चुलीशेजारी होता आणि त्यातलं पीठ कुणाच्या तरी परातीत.

"मी बसणार," केशरबाई म्हणाली आणि बसली.

ती बसली म्हटल्यावर पंकजाही तिच्याशेजारी बसली. गोरक्ष रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. राजनंदिनी पिठाच्या धुरळ्यात बोटानं चित्रं काढत होती. गिरणीचा पट्टा फडफडत होता.

बऱ्याच वेळानं कोपऱ्यावरून एक म्हातारी आली. कपाळाला ठसठशीत कुंकू, कोपरापर्यंत पीठ आणि कडेवर डबा.

"कानिफ्या, माझा डबा कुठंय? आन हा कुनाचा दिलास मला?"

"मी दिला? तूच उचललास, मावशी. चष्मा कुठंय तुझा?"

"चष्मा लावला की तुझं तोंड दिसतंय."

केशरबाई उठली. "डबा माझा हाय."

मालनबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुझा व्हय? मग तुझ्या दोन भाकरी खाल्ल्या बाई आमी."

गोरक्ष पुढं झाला आणि त्यानं डबा आपल्या हातात घेतला. घेताना त्याचा अंगठा बरोबर 'जयभीम'वर जाऊन बसला. पंकजानं ते पाहिलं. केशरबाईनंही पाहिलं.

"डब्यावरचं वाचलं का न्हाई?" तिनं विचारलं.

"आई," गोरक्ष म्हणाला.

"मला कुठं वाचाया येतंय," मालनबाई म्हणाली. "सुनेनं वाचून दाखवलं. भाकरी तव्यावर हुती तवा."

"मग?"

"मग काय? ती म्हनली, आत्या, नको. मी म्हनलं, नको तर उपाशी ऱ्हा. म्हातारा ताटावर बसलेला, तवा तापलेला. मी खाल्ली, त्यानं खाल्ली. सुनेनं न्हाई खाल्ली." मालनबाईनं पदरानं हाताचं पीठ पुसलं. "ती लई शिकलेली हाय."

कानिफनाथ फस्सकन हसला आणि लगेच गिरणीत ओतलेलं धान्य सारखं करायला लागला. पंकजा हसली नाही. तिला ती न खाल्लेली भाकरी दिसत होती. पण ही बाई ते लपवत नव्हती, हेही तिला दिसत होतं. सावेडीच्या त्या चहाला अशी काही चवच नव्हती.

"दोन भाकरीचं पीठ माझ्यातलं काढून घे," मालनबाई म्हणाली.

केशरबाईनं मालनबाईच्या डब्याचं झाकण उघडलं. पिठाची चिमूट घेतली, दोन बोटांत चोळली आणि जिभेवर ठेवली.

"न्हाई घ्यायची. जवारी मागच्या सालची हाय तुझी. कडवाट लागती."

"माझी जवारी कडवाट?"

"म्हाताऱ्याला इचार जा."

मालनबाईनं कमरेवर हात ठेवले. आता जुंपणार असं पंकजाला वाटलं. पण मालनबाईचा आवाज एकदम खाली आला.

"त्यानंच तर आज आनखी मागितली. म्हनला, आज पीठ कुठलं गं? कुठली हाय जवारी?"

"आमच्या नेवाशाकडची. शाळू. औंदाच्या सुगीची."

"थोडी मिळंल का?"

"इकत न्हाई मी. भावकीला देती." केशरबाईनं झाकण लावलं. "तरी बघू."

मालनबाई आता पंकजाकडं वळली. "वरच्या खोल्या बघायला आलाव का गं? पत्र्याखाली भाजून निघाल, आधीच सांगती. आन त्या कोपऱ्यावर एक मानूस बसतो, तो इचारनार, तुमी कोन. सांगायचं."

"सांगितल्यावर?" पंकजानं विचारलं.

"बोलायचा बंद हुतो. लई बरं असतं. न्हाईतर रोज त्याचं मूळव्याधीचं ऐकावं लागतं."

आता मात्र पंकजाला हसू आवरेना. राजनंदिनीला काही कळलं नव्हतं, पण आई हसते म्हणून तीही हसायला लागली. गोरक्ष तेवढा हसला नाही. तो अजून डबा छातीशी धरून उभा होता आणि मालनबाईच्या पिठानं भरलेल्या हातांकडं बघत होता.

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं काढून पाहिला. पंकजानंही मान वाकवून पाहिलं. सावेडीचे मालक.

आता नवरा फोन घेऊन कोपऱ्यापर्यंत जाणार, तोंडावर हात धरून बोलणार आणि येऊन सांगणार की झालं, ठरलं. पंकजानं बोलायला तोंड उघडलं. पण गोरक्ष कुठं गेला नाही. त्यानं डबा बाकावर ठेवला. अंगठ्याखालची अक्षरं मोकळी झाली.

"हां काका. बोला... काय?... गिरणीत हाय, गिरणीत... ऐका ना, एक सांगायचं राहिलं."

गिरणी खडखडत होती. त्यानं दुसऱ्या कानात बोट घातलं.

"आमी बौद्ध आहोत... न्हाई, बौद्ध... बौद्ध!"

पलीकडच्याला ऐकू जात नव्हतं. गोरक्षच्या मानेच्या शिरा फुगल्या. कानिफनाथला वाटलं, माणसाचं महत्त्वाचं बोलणं चाललंय, म्हणून त्यानं बटन दाबलं. पट्टा एकदम सैल पडला, दगडाची पाळू थांबली आणि त्या शांततेत गोरक्षचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"गायकवाडच, पण बौद्ध! बौद्ध हाय आमी!"

समोरच्या खिडकीत एका बाईनं साडी बाजूला सारून खाली पाहिलं. राजनंदिनीचं चित्र काढणारं बोट जागच्या जागी राहिलं आणि ती तोंड वर करून बापाकडं बघत राहिली.

गोरक्ष बराच वेळ ऐकत होता. मग "बरं" म्हणाला. फोन खिशात ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

"काय म्हणले?" पंकजानं विचारलं.

"घरात इचारून सांगतो म्हणले."

"मग?"

तो कानिफनाथकडं गेला आणि हात पुढं केला.

"किल्ली द्या परत एकदा. आईनं वर बघितलं न्हाई अजून."

कानिफनाथनं किल्ली दिली. केशरबाईनं डबा कडेवर घेतला. पदर खोचला आणि जिन्याच्या कठड्याला हात घातला. मागून मालनबाई ओरडली,

"दमानं गं! मधली पायरी हलती!"

गोरक्ष आईच्या पुढं गेला. त्या पायरीवर पाय ठेवून त्यानं भार दिला, वाकून खालून बघितलं, बोटानं चाचपलं आणि म्हणाला,

"ही मी बसवून घेतो."