दोन क्रेदोपुरतं बसणं

"थांबू नकोस. चालत राहिलीस तर फोटोत दिसणार नाहीस. थांबलीस की भुतासारखी उमटशील."

लग्नाला आठवडाही झाला नव्हता तेव्हा नासारिओने हे सांगितलं होतं, आणि दोमितिलाने ते एकेचाळीस वर्षं पाळलं. तो रात्रीचे फोटो काढायचा. पोतोसीची चर्चं, तितिकाकाकाठची गावं, आणि परतल्यावर आपल्याच एल्की खोऱ्यातल्या मातीच्या भिंती. तो कॅमेरा उघडा ठेवून उभा राही. काळे कपडे घातलेली दोमितिला कंदील घेऊन भिंतीपुढून फिरे आणि भिंत उजळत जाई. ज्योत कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून कंदिलाला एका बाजूने पत्र्याचा आडोसा. वेळ मात्र ती मोजायची, क्रेदो ही प्रार्थना म्हणून. या खोऱ्यात अंडं उकडायला तीन क्रेदो लागतात, भिंतीला दोन पुरत. श्रद्धेची ही प्रार्थना ती मोठ्याने म्हणे. दुसऱ्या 'आमेन'ला तो कॅमेरा मिटे.

शेकडो फोटो झाले. एकातही ती नव्हती. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. इतक्या देवाच्या दारांत इतक्या रात्री प्रार्थना म्हणायला मिळाली, आणखी काय हवं?

यंदा मात्र नासारिओच्या नजरेला कडेकडेने अंधार येऊ लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, द्राक्षं उतरेपर्यंत दिसेल, पुढचं सांगवत नाही. घरी येऊन त्याने कॅमेरा पुसायला घेतला.

"फिल्ममध्ये तीन फोटो उरलेत म्हातारे. तिन्ही तुझे काढतो."

"माझे कशाला? दिसते ना रोज."

"पुढे नाही दिसायचीस. आता नीट बघून ठेवतो."

"मग दिवसा काढ की सरळ."

"दिवसाचे येतात कुठे मला? येत असते तर आधीच नसता काढला?"

दोमितिला हसली. पण त्या संध्याकाळी देवमातेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावताना तिने हळूच शब्द दिला, 'आंदाकोयोच्या माते, माझा चेहरा त्याला एकदा नीट दिसू दे. फोटो घेऊन तुझ्या दारी पायी येईन.'

रात्री अंगणातल्या अंजिराखाली, भिंतीपुढे ती खुर्चीत बसली. कंदील आता नासारिओकडे. पहिल्या क्रेदोतच चुलीवरची किटली वाजली आणि ती उठली.

"उठलीस ना?"

"किटली..."

"जळू दे किटली! एक गेला."

दुसऱ्या वेळी त्याचा पाय कुंडीला अडखळला. ती कंदील सावरायला धावली.

"अगं, बस म्हटलं ना!"

"पडला असतास!"

"एकेचाळीस वर्षं तुला चालत राहा म्हणून सांगितलं, तेव्हा किती गुणाची होतीस. आज बस म्हटलं तर पायाला भिंगरी!"

उरला एक. दोमितिलाने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि म्हणायला सुरुवात केली. आधी तिच्या चेहऱ्यावर कंदील धरून नासारिओ आता तिच्या मागे भिंतीला हात लावत, पुटपुटत, कुंडीला शिव्या घालत चालला होता. तिला कळलं, आपणही असंच चालत होतो आणि आपण आत्ता बसलोय तसाच हा कान लावून उभा असायचा. डोळे भरून आले, पण पुसायला तिने हात उचलला नाही. आमेन.

नासारिओने चाचपडत येऊन कॅमेरा मिटला.

फिल्म धुवायला त्याला डोळे लागलेच नाहीत. ते काम अंधारातलं, हाताला पाठ असलेलं. दुसऱ्या दिवशी छापलेला फोटो त्याने खिडकीत नेला आणि भिंग लावलं.

"आलाय का?" तिने विचारलं.

"कपाळावरची आठीसुद्धा आलीय. डोळ्यांत पाणी का गं?"

"तू कुंडीला शिव्या देत होतास म्हणून."

तिनेही फोटो पाहिला. खुर्चीत ती, ठसठशीत. मागची भिंत दुपारच्या उन्हासारखी उजळलेली. नासारिओ कुठेच नव्हता. तिने भिंतीवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, तो चालला होता तसं.

"आजची रात्र उशाशी ठेव," ती म्हणाली. "उद्या तुझ्यासाठी दुसरा छाप. हा माझा."

पहाटे तिने भाकरी फडक्याखाली झाकली. त्याच्याकडे बघायला सांगून किल्ली आदल्या रात्रीच शेजारच्या नणंदेकडे दिली होती. उशाजवळचा फोटो रुमालात गुंडाळून छातीशी धरला. आंदाकोयोची वाट डोंगरातून दोन दिवसांची. झोपलेल्या नासारिओचं पांघरूण सारखं करून तिने दार आवाज न करता ओढलं आणि पहिल्या क्रेदोबरोबर चालू लागली.