नागम्माची मांडणी

ईश्वरप्पांनी स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवरच्या डोकेदुखीच्या गोळ्या उतरवल्या आणि खाली उभ्या असलेल्या सुनेच्या, बसम्माच्या हातात दिल्या. अहमदपूरच्या त्यांच्या औषध दुकानातली मांडणी त्यांच्या बायकोची, नागम्माची. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं भिंतीवर माणूसच उभा केला होता. वर डोकं, मग घसा, छाती, पोट आणि पार तळाला गुडघे नि भेगाळलेल्या टाचा. गिऱ्हाईकानं तोंड उघडायचा अवकाश, तिचा हात बरोबर त्या फळीवर जाई.

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि औषध निरीक्षक पार उंबऱ्याशी आले. उस्मानाबादहून कधीमधी उगवणारे साहेब आता मनात आलं की येत. "चिठ्ठीची औषधं वेगळी, बिनचिठ्ठीची वेगळी. उद्या बघायला येतो," असं बजावून गेले होते. परवान्याचा प्रश्न होता. गोड बोलून भागणार नव्हतं.

ईश्वरप्पांचा हात मात्र चालत नव्हता. गेल्या उन्हाळ्यात टँकरपाशी घागर घेऊन थांबलेली नागम्मा उभ्या उभ्या कोसळली ती पुन्हा उठलीच नाही; तेव्हापासून त्यांनी एकही बाटली जागची हलवली नव्हती. सकाळी दुकानाचं दार उघडलं की त्या मांडणीत ती समोर असायची. आज तेवढंही जाणार होतं.

"अप्पा, लई येळ लावलात. छातीची फळी द्या की."

"देतो गं. जरा दम धर."

खोकल्याच्या बाटल्यांमागं, डाव्या कोपऱ्यात, एक पाकीट निघालं. जिभेखाली ठेवायच्या, काळजाच्या दुखण्यावरच्या गोळ्या. दुकानात पाकीट कात्रीनं कापून देत. हे हातानं टरकावलेलं होतं. निम्म्याहून जास्त गोळ्या संपल्या होत्या आणि वर नागम्मा रोज कपाळाला लावी त्या भस्माची बोटं उमटली होती.

ईश्वरप्पा स्टुलावरच बसले. साऱ्या गावाची दुखणी ऐकणाऱ्या बाईला तिचं दुखणं विचारायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. ती हवी होती. आत्ता, इथं, क्षणभर तरी.

"काय हाय ते?" बसम्मानं हात पुढं केला. "कुण्या कप्प्यात ठिवू?"

त्यांनी पाकीट सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि तिच्याकडं पाहिलं.

"बसम्मा, तुला काही दुखतं का गं?"

"मला? न्हाई की," ती हसली आणि पुढची बाटली घ्यायला वळली.

ते स्टुलावरून उठून तिच्यापाशी आले. तिनं हातातली बाटली खाली ठेवली.

"कंबर दुखती, अप्पा," ती हळूच म्हणाली. "पाणी वाहून वाहून. लई दिस झाले."