चौथा नवाब

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, की काउंटरवरचा निळा मासा वर्षभर तोच आहे. तो चौथा होता. हे फक्त काकूंना ठाऊक होतं.

काकू म्हणजे दातांच्या त्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या बाई. एकोणीस वर्षं त्याच खुर्चीत. फोन त्या घ्यायच्या, वेळा त्या द्यायच्या, आणि पाणी पिऊन येतो म्हणून सटकणाऱ्यांना जिन्यावरून परत आणायचं कामही त्यांच्याचकडे. वयाने डॉक्टरांपेक्षा मोठ्या, त्यामुळे डॉक्टरही त्यांना काकूच म्हणत.

मासा आणायची कल्पना डॉक्टरांची. दाढ काढायला आलेल्या माणसाला भिंतीकडे बघण्यापेक्षा काहीतरी बरं दिसावं, म्हणून त्यांनी बेट्टा आणला. लोक ज्याला फायटर म्हणतात तो, लांब झुलत्या परांचा. ठेवला तो दोन लिटरच्या गोल काचेच्या भांड्यात, कारण ते भांडं भिंतीच्या रंगाला शोभत होतं. नाव पडलं नवाब. नवाबाने दोन लिटरमध्ये संसार कसा करायचा, हे कुणालाच खटकलं नाही. काकूंनाही नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

पहिला नवाब तीन महिन्यांत गेला. सकाळी कुलूप काकूच उघडायच्या, त्यामुळे तो पहिल्यांदा त्यांनाच दिसला. त्या दिवशी डॉक्टरांकडे मोठी अवघड केस होती. त्यांचा मूड कशाला घालवा, म्हणून काकू मागच्या गल्लीतल्या माशांच्या दुकानात गेल्या आणि तसाच निळा दुसरा घेऊन आल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसरा गेला तेव्हा लपवणं आणखी सोपं गेलं, आणि तिसऱ्याच्या वेळी तर सांगायची सोयच उरली नव्हती. कारण तोपर्यंत डॉक्टर प्रत्येक घाबरटाला काउंटरकडे बोट दाखवून सांगू लागले होते, “हा बघा, वर्षभर आमच्याकडे आहे. काही झालंय का त्याला?”

आता चौथ्याची लक्षणं धड दिसत नव्हती. निळा रंग धुतल्यासारखा फिका पडला होता, पर कडेने फाटले होते आणि तो दिवसभर तळाशी पडून असायचा. पाचवा आणायचा नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. जगवायचा तर हाच.

दुपारच्या सुट्टीत त्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणजे तोंडाने फटकळ माणूस. त्यांना बघताच तो म्हणाला, “परत आलात? काकू, तुम्ही मासे पाळता की खाता?”

“या वेळी मासा नकोय,” काकू म्हणाल्या. “आहे तो जगवायचाय. काय चुकतंय ते सांगा.”

त्याने हातातली जाळी खाली ठेवली. “पाणी कधी बदलता?”

“रोज. सगळं.” काकूंनी जरा अभिमानानेच सांगितलं. “आमची सिस्टर भांडंसुद्धा घासूनपुसून चकचकीत करते. आणि नळाचं पाणी नाही हं. हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं मशीन आहे ना, त्यात घालायचं डिस्टिल्ड वॉटर.”

दुकानदाराने कपाळावर हात मारला. “अहो, तो मासा आहे, पक्कड नाही! त्या पाण्यात क्षार नाहीत, काही नाही. आणि रोज सगळं नवं पाणी म्हणजे त्याला रोज नव्या गावाला नेऊन सोडायचं.”

काकूंना तोंडात मारल्यासारखं झालं. दवाखान्यात स्वच्छता म्हणजे धर्म. जिथे चमचाभर थुंकीलाही माफी नाही, तिथे माशाचं पाणी दोन दिवस ठेवणार कोण? त्यांनीच तर सिस्टरला सांगितलं होतं, आपल्या हत्यारांइतकंच त्याचंही पाणी शुद्ध हवं. म्हणजे ते तिघे घाणीने नाही, लाडाने मेले. लाड कुणी केले, हेही त्यांना कळलं.

“मग रोज बदलू नको म्हणून सांगते सिस्टरला.”

“त्या भांड्यात नाही बदललंत, तर स्वतःच्याच घाणीने मरेल. बदललंत तर बदलाने. दोन लिटरमध्ये सुटकाच नाही. भांडं बदला.”

काकूंनी पर्समधून चिठ्ठी काढली. काउंटरवरची मोकळी जागा त्यांनी सकाळीच टेपने मोजून आणली होती. एक फूट लांब, जेमतेम पाऊण फूट रुंद. “यात बसेल असं द्या. पाच लिटरचं चालेल?”

दुकानदाराने चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. “तुम्ही टेबलाचं माप आणलंत. माप माशाचं घ्यायचं. पाण्यात घाण होणारच. थोड्या पाण्यात ती लगेच चढते, जास्त पाण्यात हळूहळू. थोडं पाणी दुपारी तापतं, पहाटे गार पडतं, जास्त पाणी आपली ऊब धरून राहतं. पाच लिटरमध्ये मरणार नाही लगेच, पण तुमची रोजची धावपळ सुटणार नाही. वीस लिटर घ्या, निवांत राहा.”

काकू एकदा मनावर घेतलं की मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांची नजर मागच्या उंच टाकीवर गेली. चांगली कमरेएवढी होती. “मग ही का नको? होऊ दे की खर्च. राहू दे राजासारखा.”

“बघा, आता दुसऱ्या टोकाला गेलात! या माशाला वर येऊन हवा घ्यावी लागते. एवढे लांब पर ओढत तो दर वेळी तीन फूट चढणार? उंची नको, लांबी हवी. ही घ्या.” त्याने पुढे ओढली ती बुटकी, लांबट टाकी. दीड फूट लांब, उंचीला फूटभरही नाही. “पाणी कोमट ठेवायला छोटा हीटर, हळू चालणारा स्पंजचा फिल्टर, वर झाकण. झाकण विसरू नका, हा उडी मारतो. स्पंज मी माझ्या चालू टाकीतला देतो, त्यात घाण पचवणारे जंतू असतात, म्हणजे पाणी लवकर बसेल. नळाचंच पाणी घ्या, त्यातलं क्लोरीन मारायला हे थेंब टाकायचे. आठवड्याला पाव हिस्सा बदलायचं. बाकी हात लावायचा नाही.”

“आणि मोठं घर मिळालं की काय करेल तो?”

“खूश झाला तर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करेल. पिल्लांसाठी करतात ते नर. तो आजारी आहे पण, तेवढी आशा ठेवू नका.”

टाकी दुकानातच ठेवून काकू परतल्या. आता जागेचा प्रश्न. पाण्यासकट टाकी भरणार तीस किलोच्या घरात, आणि काउंटर होता पातळ प्लायचा. खिडकीशी ठेवावी तर ऊन. सोफ्याशेजारी एसीचा थेट झोत. आतल्या दाराजवळ कॉम्प्रेसरची धडधड. हातात टेप घेऊन काकू दोन दिवस सगळा दवाखाना मोजत हिंडल्या. सिस्टरला वाटलं, फर्निचर बदलणार आहे.

जागा मिळाली, ती एकच. काउंटरला लागून दातांचे साचे ठेवायचं बुटकं, भक्कम कपाट होतं. त्यावर सावली, शांतता आणि जवळ प्लग. फक्त तिथे डॉक्टरांचा मोठा जबडा बसलेला होता. हा जबडा म्हणजे कलिंगडाएवढा, उघडझाप होणारा, लाल हिरड्यांचा. दात कसे घासावेत, हे डॉक्टर त्यावर हातभर ब्रशने शिकवत. दवाखान्यातली एवढी एकच वस्तू ते स्वतःच्या हाताने पुसत.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी विषय काढला. डॉक्टर डबा खात होते.

“वीस लिटर? एवढ्याशा माशाला?” ते हसले. “काकू, हे मासे डबक्यात राहतात.”

“डबक्यातही याच्या भांड्याहून ढिगाने जास्त पाणी असतं डॉक्टर.”

“आणि जबडा कुठे जाणार? नाही हो. वर्षभर मजेत आहे तो आहे तिथे. कशाला उगाच?”

वर्षभर मजेत आहे, हे खोटं त्यांनीच तर रचून दिलं होतं. आता तेच खोटं टाकीच्या आड उभं होतं. टाकी हवी तर खरं सांगायला हवं, आणि खरं सांगितलं तर एकोणीस वर्षांचा विश्वास गेला. काकू खुर्चीत येऊन बसल्या. शेजारी नवाब कसाबसा वर आला, हवेचा एक घोट घेतला आणि दगडासारखा परत खाली गेला.

सुट्टी संपली. पहिलेच होते एक निवृत्त मुख्याध्यापक. अक्कलदाढ काढायची होती, आणि आयुष्यभर पोरांना दरडावलेला तो माणूस आज सोफ्याचा हात सोडायला तयार नव्हता. डॉक्टर बाहेर आले, गोड हसले आणि सवयीने काउंटरकडे बोट केलं.

“सर, हा बघा. वर्षभर आमच्याकडे आहे. काही झालंय का त्याला?”

“मेलाय,” काकू म्हणाल्या.

डॉक्टरांचं बोट तसंच हवेत राहिलं.

“हा नाही. याच्या आधीचे तीन. हा चौथा आहे डॉक्टर. मेले की मी गुपचूप तसाच दुसरा आणत होते. पाणी रोज बदला, हेही मीच सांगितलं होतं. हासुद्धा चालला आता. त्याला टाकी हवी आणि जागा त्या जबड्याची हवी.”

काकू थांबल्या नाहीत. एकदा तोंड उघडलंय तर सगळंच सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

“तीन गेले?” मुख्याध्यापक सोफ्यावरून उठले. “मी पुढच्या आठवड्यात येतो.”

“सर, बसा!” काकूंनी इतक्या जोरात सांगितलं, की ते खरंच बसले.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता. “काकू, वर्षभर तुम्ही मला लोकांसमोर खोटं बोलायला लावलंत? एका शब्दाने सांगितलं नाहीत?”

“चुकलं माझं. त्याची जी शिक्षा द्याल ती घेईन. पण तुम्ही रोज त्याच्याकडे बोट दाखवलंत डॉक्टर, बघितलं एकदाही नाहीत. बघितलं असतंत तर तुम्हीच मला विचारलं असतंत.”

डॉक्टरांनी कपाळावरचा भिंगाचा चष्मा डोळ्यांवर ओढला, त्यावरचा छोटा दिवा लावला आणि ते भांड्यावर वाकले. किडलेल्या दाढेकडे बघावं तितका वेळ त्यांनी त्या माशाकडे पाहिलं.

“कडा पार झिजल्यात याच्या,” ते हळूच म्हणाले. सरळ झाले, कपाटाकडे गेले, जबडा दोन्ही हातांनी उचलला आणि आत घेऊन गेले. जाता जाता म्हणाले, “सर, तुम्ही या. काकू, तुमच्याशी नंतर बोलतो.”

नंतर ते बोलले नाहीत. चांगलेही नाहीत आणि वाईटही नाहीत. कामापुरतं तेवढं बोलत. काकूंनी ते सोसलं.

टाकी त्याच संध्याकाळी आली. काकूंनी ती धुतली साध्या पाण्याने, साबणाशिवाय. पाणी भरलं, थेंब टाकले, हीटर लावला, पाणी कोमट व्हायची वाट पाहिली. नवाबाला पिशवीत घालून ती पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली आणि घाई न करता त्याला सोडलं. तो कोपऱ्यात गेला आणि तिथेच राहिला.

पुढचे दहा दिवस काकूंनी पहारा केला. सिस्टर रोज सकाळी बादली घेऊन यायची आणि काकू तिला रोज परत पाठवायच्या.

“अहो काकू, काचेवर हिरवट दिसतंय.”

“दिसू दे.”

“पेशंट काय म्हणतील?”

“मला म्हणू देत.”

पाचव्या दिवशी त्याने दाणा खाल्ला. आठव्या दिवशी टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि आल्या वाटेने परत आला. काकूंनी चुकून फोनवरच्या दोन बायकांना एकच वेळ दिली.

अकराव्या दिवशी सकाळी दवाखाना भरलेला होता. सिस्टर फडकं घेऊन टाकीपाशी आली. “शी, फेस झालाय बघा वर. हे तरी काढू द्या.” तिने झाकण उचललं, आणि काकूंनी तिचं मनगट घट्ट पकडलं.

कोपऱ्यात पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा पुंजका होता, तळहाताएवढा. त्याच्याखाली नवाब उभा होता. वर जायचा, तोंडात हवा घ्यायचा, एक बुडबुडा सोडायचा, तो नीट चिकटलाय ना बघायचा आणि परत वर जायचा. पर अजून फाटकेच होते, पण कडेने नवा, काचेसारखा पातळ पडदा फुटत होता.

काकूंनी सिस्टरचा हात सोडला आणि त्या खुर्चीत बसल्या. त्यांना त्या तिघांची आठवण झाली. त्यांच्यापैकी एकानेही कधी एक बुडबुडा सोडला नव्हता. काकूंनी त्यांना कागदात गुंडाळलं होतं, हात धुतले होते आणि नऊ वाजता पहिला फोन घेतला होता. तेव्हा आलं नव्हतं, ते आता आलं. भरल्या दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत, काकू ओंजळीत तोंड धरून रडल्या.

फोन वाजायला लागला. वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजला. आतून डॉक्टर बाहेर आले, हातमोजे तसेच. त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग टाकीकडे. मग एक हातमोजा काढला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा काउंटरवरचा तो फोन स्वतः उचलला.

“हो, दवाखानाच,” ते म्हणाले. “काकू जरा कामात आहेत. मला सांगा, मी लिहून घेतो.”